निरोगी माणसाचा खोकला

माझ्या थोरल्या साडूंइतका खोकणारा निरोगी माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. छाती ठणठणीत, विडी-तंबाखूचा नाद नाही, थंडीत कानाला मफलर नाही, आणि तरी हा गृहस्थ सकाळी उठल्यापासून रात्री आडवा होईपर्यंत खोकत असतो. तो खोकला आजाराचा नाही, अदबीचा आहे. दोन आखूड आणि एक लांब, असा त्याचा ठरलेला घाट आहे. कुणाचं दार असो, खिडकी असो, जिन्याचं वळण असो, पलीकडच्या माणसाला आपली चाहूल लागलेली नाही अशी शंका आली की साडूभाऊ थांबतात, खोकतात, आतल्या माणसाला पदर सावरायला, डबा झाकायला, डोळे पुसायला जेवढा वेळ लागेल तेवढा देतात आणि मगच पाऊल पुढं टाकतात. दुसऱ्याच्या घरी असं करणं एकवेळ समजून घेता येईल. हे स्वतःच्या घरात शिरतानाही खोकतात. घरात कुणी नसलं तरी खोकतात. लातूरच्या एका दवाखान्यात लिफ्टचं दार उघडल्यावर आतल्या रिकाम्या जागेकडं बघून खोकताना मी त्यांना याच डोळ्यांनी पाहिलंय. महादेवाच्या गाभाऱ्यापुढं तर ते उंबऱ्याशी थांबून खोकतातच. एकदा पुजारी वैतागून म्हणाला, "मालक, देवाला कळतंय की तुम्ही आलाव ते. घरून निघालाव तवाच कळलंय." त्यावर साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "त्याला कळतंय हो. पण आपण कुणाच्या घरात शिरायलोय ते मला कळाय पाहिजे का न्हाई?"

या खोकल्यापायी त्यांचं नुकसानही झालेलं आहे. एका दुपारी जेवून दुकानी परतले, तर शटर अर्धवट उघडं आणि आत खुडबूड. दुसरा कुणी असता तर काठी घेऊन धावला असता, नाहीतर गल्ली गोळा केली असती. साडूभाऊ शटरपाशी उभे राहून सवयीनं खोकले. दोन आखूड, एक लांब. आतल्या चोराला मागच्या दारानं, हातातलं खोकं न सांडता, व्यवस्थित निघून जायला पुरेसा वेळ मिळाला. बायको संतापली, तर हे म्हणतात, "अगं, एकदम समोर गेलो असतो तर दचकला असता बिचारा. हार्ट अटॅक आला असता म्हंजे?" चोरानं खोकं नेलं ते कॅमेऱ्यांचं.

होय, कॅमेऱ्यांचं. आता हसायचं असेल तर हसून घ्या, कारण साडूभाऊंचा धंदाच तो होता. लातुरात गंजगोलाईच्या बाजाराच्या मागच्या अंगाला त्यांचं दुकान होतं, भिंतीला टांगून लोकांवर नजर ठेवायच्या कॅमेऱ्यांचं. त्याआधी ते रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं होतं. लोक दुरुस्त करायचे थांबले, मोडलं की नवीन आणायला लागले, तेव्हा उदगीरला नोकरीला असलेल्या मुलानं येऊन दुकानाची पाटी बदलून दिली. पाटी बदलली, मालक बदलला नाही. खुद्द त्या दुकानात एकही कॅमेरा लावलेला नव्हता. गिऱ्हाईक आलं की हे आधी त्याला पाणी द्यायचे आणि मग तीन प्रश्न विचारायचे. कुणाला बघायचंय? त्यानं काय केलंय? त्याला सांगितलंय का? निम्मी गिऱ्हाइकं पहिल्या प्रश्नाला उठायची आणि उरलेल्यांतली बरीचशी तिसऱ्याला. जी बसून राहायची त्यांना कॅमेरा मिळायचा, पण तो साडूभाऊंच्या अटीवर. एका डाळमिलच्या मालकाला हमाल कामाच्या वेळी बसतात की काय ते बघायचं होतं. साडूभाऊंनी हमालांच्या शेडमध्ये कॅमेरा लावला, आणि मालकाच्या गादीवर दुसरा लावून त्याचं चित्र हमालांच्या शेडमधल्या टीव्हीवर सोडलं. मालकाला वाटलं, ही काहीतरी नवीन स्कीम असेल. चार दिवसांनी मालकांची दुपारची झोप, घोरताना उघडं राहणारं तोंड आणि जागं झाल्यावर अंगरख्यात हात घालून पाठ खाजवण्याची लकब हे सगळं मोंढ्याच्या बाजारात चर्चेला आलं. दोन्ही कॅमेरे उतरवले गेले. पैसे परत द्यायला साडूभाऊ स्वतः गेले. आणि गादीपाशी पोचण्याआधी खोकले.

शिडीवर चढायची त्यांना भीती वाटते, म्हणून भिंतीचं काम एक म्हातारे मिस्त्री करायचे. तीन पिढ्यांपासून लातूरकर असलेले हे मुसलमान गृहस्थ साडूभाऊंचे जुने दोस्त. त्यांच्याकडंही परक्याच्या दारात सलाम करून, आतून इजाजत मिळाल्याखेरीज आत न जाण्याची रीत. त्यामुळं ही जोडी एखाद्या दारात उभी राहिली की बघण्यासारखं असायचं. हे खोकतायत, ते सलाम करतायत, आतून उत्तर आलं नाही की हे पुन्हा खोकतायत, ते पुन्हा सलाम करतायत. शेवटी आतली बाई स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो या की आता! का पोळी करपवताव माझी?"

एस.टी.त शेजारचा माणूस मोबाइलवर काही वाचायला लागला की साडूभाऊ डोळे मिटून घेतात. दुसऱ्याचा मेसेज नजरेला पडू नये म्हणून. मिटलेल्या डोळ्यांना झोप लागते आणि उतरायचं ठिकाण निघून जातं. आम्ही कंधारचे. लातूरहून आमच्याकडं यायचं तर नांदेडच्या गाडीनं येऊन लोह्याला उतरायचं आणि तिथून दुसरी गाडी धरायची. साडूभाऊ आमच्याकडं जेव्हा जेव्हा आले तेव्हा बहुतेक नांदेड बघूनच आले. आजारी माणसाला भेटायला गेले तर आजार कोणता हे विचारत नाहीत. लग्न मोडलेल्या घरी गेले तर पावसापाण्याचं बोलतात. आमच्या अक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती आणि माझ्या थोरल्या मेहुणी, स्वभावानं नेमक्या उलट. गल्लीतल्या प्रत्येक घरातल्या भाजीची खबर त्यांना फोडणीआधी असते. त्या कपाळाला हात लावून म्हणतात, "ह्यांना समदं म्हाईत असतंय. लोक येऊन ह्यांच्यापाशीच रडतेत. पण सांगतील तर शपथ! ह्यांच्या पोटातली गोष्ट काढायची म्हंजे विहिरीतली घागर काढल्यासारखं हाय, गळ टाकून बसा." आणि साडूभाऊ ताटातली भाकरी मोडत, जणू ही दुसऱ्याच कुणाची तक्रार आहे अशा चेहऱ्यानं, ठेचा मागतात.

हे सगळं मी मजेत सांगतोय खरं, पण साडूभाऊंबद्दल लिहायला बसलो ते एवढ्यासाठी नाही. एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. सांगणं हा माझा प्रांतच नव्हे. माझं भांड्यांचं दुकान आहे. लग्नाच्या मोसमात ताटांवर, तांब्यांवर, घागरींवर नावं टाकून देतो. मशीन हातात घेतलं की 'सप्रेम भेट' ही अक्षरं आपोआप उमटतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वतीनं भांड्यांवर प्रेम लिहिलं, स्वतःच्या वतीनं तोंडानं एकदाही बोललो नाही. बायको होती तोवर ते चालून गेलं. घरातलं बोलण्याचं खातं तिच्याकडं होतं. ती गेली आणि मी आणि माझी लेक, असे दोघं न बोलणारे एका घरात उरलो. जेवलीस का, जेवलो. झोपलीस का, झोपते. लेक बारावीच्या वयाला आली तसं मी तिला डॉक्टरकीच्या क्लाससाठी लातूरला ठेवलं. सगळेच ठेवतात. अक्कांच्या घरी राहिली असती, पण अक्कांच्या बोलण्यापुढं अभ्यास तग धरणार नाही असं सगळ्यांचं मत पडलं, म्हणून क्लासच्या जवळ एक स्वतंत्र खोली घेतली. तिला सोडून कंधारला परतलो आणि घरात शिरल्यावर कळलं, की 'जेवलीस का' हेसुद्धा केवढं मोठं संभाषण होतं.

आणि मग काळजी सुरू झाली. परगावी मुलगी, हातात मोबाइल, दुकानात येणारं प्रत्येक माणूस कुणाच्या तरी मुलीची गोष्ट सांगून जाणारं. कुणीतरी म्हणालं, हल्ली भिंतीवरच्या घड्याळात बसणारा कॅमेरा मिळतो, कुणाला पत्ता लागत नाही. मी साडूभाऊंना फोन केला. पलीकडून आधी खोकला आला. ते फोन उचलल्यावरही खोकतात.

"घड्याळातला कॅमेरा आहे का तुमच्याकडं?" मी विचारलं.

"कुणाला बघायचंय?"

"लेकीला."

"तिनं काय केलंय?"

"काही केलं नाही. करू नये म्हणून."

"तिला सांगितलंय का?"

"सांगायचं असतं तर घड्याळातला कशाला मागितला असता?"

मग म्हणाले, "साडूभाऊ, उद्या येतो तुमच्याकडं." दुसऱ्या दिवशी आले, नांदेडमार्गे.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ते स्टीलच्या डब्यांच्या उतरंडीशेजारी बसले आणि प्रथमच मला वाटलं, हा माणूस रागावू शकतो. "घड्याळातला कॅमेरा म्हंजे न खोकता घरात शिरणं हाय," ते म्हणाले. "लेकरू आपल्या खोलीत हसंल, रडंल, देवाला काही मागंल. ते तुम्ही इथं डब्यांमधी बसून बघणार?"

मी सहसा कुणाला उलट बोलत नाही. त्या दिवशी बोललो. "देव बघतोच की सगळं. तो कुणाला विचारून बघतो? तो खोकतो का कधी?"

आपण बिनतोड बोललो, असं मला वाटलं. साडूभाऊंनी गळ्यातली चांदीची डबी चिमटीत धरली. आम्ही लिंगायत. त्या डबीत लिंग असतं. रोज सकाळी आंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घ्यायचं आणि डोळ्यांसमोर धरून एकटक बघत बसायचं, ही आमची पूजा. मी ती उरकतो. साडूभाऊ करतात.

"देव बघतो, कबूल," ते म्हणाले. "पण आजवर त्यानं माझं काही येऊन तुम्हाला सांगितलंय? का तुमचं मला सांगितलंय? एवढं समदं बघायचं आन् तोंड मिटून बसायचं, त्याला देवाचंच काळीज लागतंय. तुम्हाला ती उशिरा मोबाइल बघताना दिसली तर काय करणार?"

"फोन करणार. झोप म्हणणार."

"मग तुमची आन् देवाची बरोबरी कसली करून राहिलाव?" त्यांनी डबी पुन्हा सदऱ्याच्या आत सारली. "दुसरं सांगतो. तो मला बघतो, तसा मी बी त्याला रोज सकाळी बघतो. समोरासमोर. आपल्या वाडवडलांनी देवाला सुद्धा उचलून तळहातावर आणून ठिवलंय, का, तर एकतर्फी बघणं नको. देवाला जी सूट दिली न्हाई ती तुम्हाला द्यायची व्हय?"

मी हट्टाला पेटलो. म्हणालो, "तुम्ही देत नसाल तर मी नांदेडहून आणतो." साडूभाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले. "बसवतो," म्हणाले. "पण घड्याळातला न्हाई. आन् एक न्हाई, जोडी."

पुढच्या रविवारी आम्ही लेकीच्या खोलीच्या दारात उभे राहिलो. साडूभाऊ खोकले, मिस्त्रींनी सलाम केला, आणि मी, जन्मदाता बाप, सगळ्यांच्या मागं शिडी धरून. आतून लेक म्हणाली, "काका, या की, दार उघडंच हाय." साडूभाऊंनी पाणी पिण्याआधीच विषय काढला. "तुझ्या पप्पाला तुझी लई काळजी वाटायलीय. तू डोळ्यापुढं पाहिजेस म्हणतेत. कॅमेरा लावावा म्हणतेत. तुझं काय म्हणणं हाय?" मी छताच्या पंख्याकडं बघत होतो. इतक्या बारकाईनं मी आयुष्यात पंखा पाहिलेला नाही. लेकीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "टेबलावर लावा. तेवढंच दिसू द्या, पलंग नको." आणि मग, हुबेहूब तिच्या आईच्या सुरात, "आन् पप्पांचा कुठं लावणार?"

तिचा टेबलासमोर लागला. माझा कंधारच्या घरात मधल्या खोलीत लागला, जिथं माझी खुर्ची, जेवायची जागा आणि बायकोचा फोटो आहे. तिचं चित्र माझ्या मोबाइलवर, माझं तिच्या. साडूभाऊंनी एक बटण दाखवलं. "ह्याच्यावर बोट ठिवलं की आवाज पलीकडं जातो. पण बोलायच्या आधी खोकायचं. न खोकता बोललात तर वायर काढून नेणार." लेकीलाही त्यांनी तेच बजावलं होतं.

पुढचे काही आठवडे आमच्या घराण्यात जेवढी शिस्त नांदली तेवढी कधी नांदली नसेल. मी मोबाइल उघडावा तर लेक पुस्तकात डोकं घालून ताठ बसलेली, जशी कुणी शिल्पकारासाठी बसते. आणि माझी अवस्था काय वर्णावी! पहिल्याच दिवशी फोन आला, "पप्पा, ते बनियन धुवायला टाका." मग, "लोणचं किती खाऊन राहिलाव? बीपी हाय ना तुम्हाला?" मग, "पेपरवर ताट ठिवून जेवू नका, आईनं बघितलं असतं तर?" मी घरात सदरा घालून जेवायला लागलो. चादरीची घडी घालायला लागलो. खुर्चीत पाय वर घेऊन बसायची चाळीस वर्षांची सवय सोडली. एकदा लोणच्याची बरणी स्वयंपाकघरात नेऊन उभ्यानं खाल्ली आणि स्वतःच्याच घरात चोर झालो. अक्कांना हे कळलं तेव्हा त्यांनी लेकीकडून मोबाइल मागून घेतला आणि मला पाच मिनिटं बघून निकाल दिला, "ह्याच्यात काही राम न्हाई बाई. माणूस नुसता बसून हाय."

मला गंमत वाटू लागली होती. आणि मग एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, सहज मोबाइल उघडला. तिच्या हिशोबानं ती वेळ माझ्या धंद्याची, म्हणजे तिच्याकडं बघणारं कुणी नसण्याची. लेक टेबलावर डोकं टेकून बसली होती. झोपली असेल असं वाटलं. मग खांदे हललेले दिसले. ती रडत होती, आवाज न करता, ओढणीचा बोळा तोंडाशी धरून. मग उठली, चित्रातून बाहेर गेली, तोंड धुऊन परत आली आणि पुस्तक उघडून बसली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मी पुन्हा बघितलं. पुन्हा तेच.

संध्याकाळी फोन केला. म्हटलं, "जेवलीस का?" म्हणाली, "जेवले." म्हटलं, "बरं."

आता काय विचारणार होतो? का रडलीस म्हणून विचारावं तर नको त्या वेळी डोकावलो हे कबूल करावं लागणार. आणि न विचारावं, तर लेक रोज दुपारी एकटी रडतेय आणि बाप ते बघून पुन्हा तांब्यावर 'सप्रेम भेट' टाकतोय. शेवटी साडूभाऊंना फोन लावला. "साडूभाऊ, काल दुपारी मी बघितलं, लेक..." एवढंच बोललो असेन. त्यांनी मला मध्येच तोडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला मध्ये तोडलं असेल. "काय बघितलं ते मला सांगू नका. ते तिचं हाय. खोकलात का?"

"नाही."

"मग तुम्ही अजून दाराबाहेरच उभे हाव. न खोकता दाराशी उभं राहून आत बघणाऱ्याला काय म्हणतेत, ते मी सांगाय पाहिजे का?"

मी त्या बटणावर बोट ठेवून बसलो. तीन दिवस ठेवत होतो आणि उचलत होतो. घसा खाकरायचा होता फक्त. सर्दी-पडशानं आयुष्यभर बेजार असलेला माणूस मी, पण ऐनवेळी घशात साधी खरखर येईना.

तिसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. घरी आलो, दिवा लावला, बायकोच्या फोटोला रोजच्यासारखी उदबत्ती ओवाळली. रोज ओवाळून मी खुर्चीत जाऊन बसतो. त्या दिवशी तिथंच उभा राहिलो, आणि काय झालं ठाऊक नाही, मी बोलायला लागलो. ती होती तेव्हा एवढं सलग कधी बोललो नव्हतो. म्हटलं, पोरगी रडते तिकडं. मी चोरून बघतो आणि विचारत नाही. तुला विचारता आलं असतं. मला तिच्याशी बोलताच येत नाही, तुझं नाव निघालं तर काय करू या भीतीनं मी दुकानात पळतो. तिला डॉक्टरकी पाहिजे की नको हेसुद्धा मी विचारलं नाही. घरात तिच्या चेहऱ्यात तू दिसतेस, ते सोसवेना, म्हणूनसुद्धा तिला लांब ठेवली असेल, खरं-खोटं तुलाच ठाऊक. ती परत आली तर येऊ दे म्हण. नाही शिकली तरी चालेल म्हण. तूच सांग तिला, मला येत नाही. आणि मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसायला लागलो. ती वेळ लेकीच्या क्लासची, घर रिकामं, असं मी धरून चाललो होतो. भिंतीवरच्या डोळ्याला कान पण असतो हे साफ विसरलो होतो.

माझ्या मागं कुणीतरी खोकलं.

दोन आखूड, एक लांब.

मी वळलो. खोलीत कुणी नव्हतं. मग कॅमेऱ्यातून लेकीचा आवाज आला, जरा बसलेला, नाकात अडकलेला. "पप्पा, मी हाय. क्लास लवकर सुटला. तुम्ही दिवा लावला का बघत होते." मग तिनं नाक ओढलं. "खोकायला जरा उशीर झाला माझा."

ती म्हणाली, "मला आईची आठवण येते. बाकी काही न्हाई. तुमच्यापुढं आईचं नाव काढलं की तुम्ही उठून जाता, मग मी कुणापाशी काढू?" त्या दिवशी मी उठून गेलो नाही. कॅमेऱ्याकडं तोंड करून जमिनीवरच बसलो आणि आम्ही दोघं तिच्या आईबद्दल बोललो. ती लोणच्यात मेथी जास्त घालायची, माझ्या घोरण्याला काय काय नावं ठेवायची, असलं काहीबाही. मध्ये एकदा दोघंही हसलो. सकाळच्या पहिल्या गाडीनं मी लातूरला गेलो आणि तिच्या दारात, दार उघडं असताना, आयुष्यात पहिल्यांदा खोकलो. जमला नाही नीट. आतून ती म्हणाली, "लांबवाला कच्चा हाय, पप्पा."

महिन्याभरात जोडी उतरवून न्यायला साडूभाऊ आले. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. मी सांगायला लागलो तर मिस्त्रींना म्हणाले, "स्क्रू सांभाळून काढा, प्लास्टर नवीन हाय." डॉक्टरकीला लेकीचा नंबर लागला नाही. तिनं ते स्वतः फोन करून सांगितलं, आणि मी 'बरं' म्हणून फोन ठेवला नाही. आता ती नांदेडला फार्मसीला आहे आणि इतकी बोलते की अक्कासुद्धा कंटाळतात.

साडूभाऊंनी मध्यंतरी दुकान बंद केलं. वय झालं, गिऱ्हाईक नव्हतंच. मुलानं दोघांना उदगीरला आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. त्या फ्लॅटच्या दाराला म्हणे कॅमेऱ्याची बेल आहे. बाहेर कोण उभं आहे ते आतल्या पडद्यावर दिसतं. साडूभाऊ ती बेल दाबत नाहीत. फिरून आले की दारासमोर उभे राहून त्या भिंगाकडं बघून खोकतात. सुनबाई आत पडद्यावर सासऱ्यांना बघते, हसते आणि उठते. मिस्त्री लातुरातच राहिले. परवा लेकीला घेऊन उदगीरला गेलो होतो. त्यांच्या दारात आम्ही तिघं, म्हणजे मी, लेक आणि नुकतेच फिरून आलेले साडूभाऊ, एकदमच पोचलो आणि कुणी आधी खोकायचं यावर जरा खोळंबा झाला. त्यांचा लांबवाला आता मध्येच तुटतो. लेकीनं तो पूर्ण केला.

माझ्या मधल्या खोलीच्या भिंतीत स्क्रूची दोन भोकं राहिली आहेत. बुजवायची म्हणतो आणि राहून जातात. संध्याकाळी दुकान बंद करून येतो, कुलूप काढतो, आणि रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर थांबून खोकतो. आत जायची घाई करत नाही. पलीकडं फोटोत कुणी पदर सावरत असेल, तेवढा वेळ देतो.